मित्रांसोबत दापोली-हर्णैचा वीकेंड: पहिल्यांदाच जाताय? मग भरती आणि जेवण आधी बघा

दरवर्षी थंडी सुरू झाली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, अरे आम्ही सहा-सात जण दापोलीला चाललोय, काय बघू, कुठे खाऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. यात बघण्याच्या ठिकाणांची लांबलचक यादी नाहीये, ती कुठेही मिळेल. दोन दिवसांत खरी मजा यायची असेल तर दोनच गोष्टी आधी माहीत हव्यात, भरती-ओहोटी किती वाजता आहे आणि आपण राहतोय त्या घरातली चूल किती वाजता पेटते. बाकी सगळं या दोन्हींच्या मागून ठरवायचं.

१. एकच पट्टा पकडा

पहिल्यांदा जाणारे ग्रुप सगळ्यात जास्त इथेच फसतात. शनिवारी दिवेआगर, रविवारी दापोली, जमलं तर दाभोळहून फेरीबोट पकडून गुहागर असा प्लॅन करतात आणि दोन्ही दिवस गाडीत बसून जातात. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसतं पण कोकणातले रस्ते वळणावळणाचे, मधे खाडी आली की वळसा, त्यामुळे तासाला तीस किलोमीटर धरलेत तरच हिशोब जुळतो.

दोन दिवसांसाठी मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले आणि वाटेतलं आसूद एवढा पट्टा भरपूर झाला. दापोली गाव समुद्रावर नाहीये हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते वर डोंगरावर आहे, तिथून खाली समुद्राला पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून "दापोलीत स्वस्त रूम" बघून बुकिंग करू नका, खाली किनाऱ्याच्या गावातच रहा. आणि आपलं मुरुड हे दापोली तालुक्यातलं, जंजिरावालं मुरुड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. गाडीत लोकेशन टाकताना हे बघा, नाहीतर वेगळ्याच जिल्ह्यात पोचाल.

२. कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते, मासेही भरपूर. मार्च ते मे उकाडा मरणाचा, पण ओले काजूगर, फणस आणि एप्रिलपासून हापूस, त्यामुळे खाणाऱ्यांनी घाम सहन करून जावं असं माझं मत. याच दिवसांत आंजर्ल्याला आणि पलीकडे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पण पिल्लं कधी बाहेर येतील हे घरट्यावर असतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या मागे उभं रहायचं, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

पावसात हिरवंगार असतं पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईच्या आशेने जाऊ नका, मिळाली तर ती बर्फातली असणार हे समजून घ्या. त्यापेक्षा सुके बोंबील, सोड्यांचं कालवण, जवळ्याची चटणी मागा, पावसाळ्यात कोकणी माणूस स्वतः तेच खातो आणि ते फार भारी लागतं.

लाँग वीकेंड आणि ३१ डिसेंबर शक्यतो टाळा. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव चढलेले, आणि घरातली माणसं इतकी दमलेली असतात की जेवण पण घाईचं होतं.

३. तिथी बघा, म्हणजे भरती कळेल

कोळी लोकांचा साधा हिशोब आहे. मराठी कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिचा पाऊणपट करायचा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चारचा पाऊणपट तीन, दुपारी तीनला आणि परत पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो पण प्लॅन करायला एवढं पुरतं.

आता याचा उपयोग काय ते सांगतो. तुमचा शनिवार पौर्णिमेच्या आसपास आला तर संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी असणार, किनारा लांबच लांब मोकळा, चालायला, क्रिकेटला, सूर्यास्ताला झकास. अष्टमीच्या आसपास आला तर सूर्यास्ताला पाणी पार वर आलेलं असतं, किनारा अरुंद, मग चालण्याचा कार्यक्रम दुपारी बाराच्या आसपास करायचा, पहाटे सहालाही भरतीच असते. पौर्णिमा-अमावस्येच्या भरतीला उधाण म्हणतात, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाण्याला एवढा जोर नसतो.

पोहायचं असेल तर भरती चढत असताना, कमरेएवढ्या पाण्यात, आणि जिथे गावातली पोरं पोहतात तिथेच. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, भल्याभल्या पोहणाऱ्यांना ते आवरत नाही. लाडघरकडे गोटे आणि खडक आहेत, हर्णै बंदरावर बोटी आणि चिखल, त्यामुळे पाण्यात उतरायला मुरुड-कर्द्याची सपाट वाळूच बरी. दारू पिऊन पाण्यात उतरायचं नाही, यावर ग्रुपमध्ये वाद घालू नका, सरळ नाही म्हणा. दरवर्षी किनाऱ्यावर जे जीव जातात त्यातले कितीतरी असेच चार मित्र फिरायला आलेले असतात हो.

गाडी वाळूत नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते, चाक रुतलं की भरती वाट बघत नाही, ट्रॅक्टर बोलवेपर्यंत पाणी इंजिनात जातं. शिवाय पोलीस कारवाई करतात ते वेगळंच.

४. घर निवडताना हे प्रश्न विचारा

मोठं रिसॉर्ट घेण्यापेक्षा घरगुती निवास घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, कारण जेवणाचा सगळा फरक तिथे पडतो. पण फोन करताना हे नीट विचारा:

- जेवण शाकाहारीच आहे का मासे मिळतात? मुरुड, आंजर्ले, केळशी इथली बरीच घरं पूर्ण शाकाहारी असतात, आणि तिथे बाहेरून मासे आणून खाल्लेलेही चालत नाहीत. हे न विचारता जाणारे ग्रुप मग रात्री आठला अंधारात हॉटेल शोधत फिरतात.
- आम्ही बंदरावरून मासे आणले तर करून द्याल का, आणि करायचे किती घ्याल?
- दारू चालते का? नाही म्हणाले तर नाही, लपूनछपून करू नका, ते त्यांचं राहतं घर आहे.
- शनिवारी रात्री किती वाजेपर्यंत जेवण वाढाल?
- गाडी कुठे लावायची? माडाखाली लावू नका, नारळ पडला तर काच राहणार नाही. माडाखाली आपणही बसायचं नाही.

बुकिंगची एक मोठी अडचण सांगतो. इंटरनेटवर दुसऱ्याच्या जागेचे फोटो लावून ॲडव्हान्स घेणारे लोक आहेत. अर्ध्या भावात समुद्राला लागून बंगला मिळतोय आणि समोरचा सगळे पैसे आत्ताच टाका म्हणून घाई करतोय, तर थांबा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हणा, नकाशावरचा नंबर आणि हा नंबर एकच आहे का बघा, शेजारच्या एखाद्या दुकानात फोन करून विचारलंत तरी चालेल. खरा मालक थोडा ॲडव्हान्स घेतो आणि बाकी आल्यावर द्या म्हणतो.

५. पैसे आणि माणसं

काँट्री निघायच्या आधी गोळा करा, तिथे जाऊन नाही. एकाकडे पैसे, एकाकडे फोन आणि बुकिंग, गाडी चालवायला दोघं, बास. शेवटच्या क्षणी गळणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, म्हणून आधीच ठरवा की ॲडव्हान्सचा वाटा परत मिळणार नाही. मैत्री टिकते यामुळे, खरंच.

रोख जवळ ठेवा. नेटवर्क कधी असतं कधी नसतं, कोळणीकडे मासे घेताना फोन गोल गोल फिरत राहिला तर पंचाईत. एटीएम दापोलीतच गाठा आणि पेट्रोल पण तिथेच भरा.

६. जायचं कसं

मुंबईहून: पनवेल, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडी ओलांडून खेड आणि खेडच्या भरणे नाक्यावरून दापोली. पुण्याहून: ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे महामार्गावर लोणेरे, तिथून आंबेत, मंडणगड करून दापोली. पावसाळ्यात घाटाची खबर घेऊनच निघा, दरडी पडतात.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नका. दमलेला ड्रायव्हर, रात्रीचा घाट आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे लाईट, कशाला? शनिवारी पहाटे चारला निघा, अकरा-बारापर्यंत पोचता, जेवायला बरोब्बर वेळेत.

गाडी नसेल तर दापोलीला एसटी आहेच, मुंबई-पुणे दोन्हीकडून. ट्रेनने खेड स्टेशनला उतरायचं, मुंबईहून सकाळची मांडवी एक्सप्रेस बरी पडते, रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि वीकेंडचं लगेच भरतं. खेडहून दापोली तासाभराचा रस्ता. दापोली स्टँडवरून हर्णै-आंजर्ल्याच्या एसट्या मिळतात पण शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्याउतरल्या विचारून घ्या.

७. जेवण: एक दिवस आधी सांगा

हा भाग नीट वाचा.

घरगुती जेवण म्हणजे मेनूकार्ड नाही. काकू सकाळी बाजार करतात, नारळ खवतात, वाटण लावतात. तुम्ही दुपारी एकला पोचून "आम्ही सात जण, काय आहे जेवायला" विचारलंत तर डाळभात मिळेल. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करायचा, किती माणसं, त्यात शाकाहारी किती, कोणाला कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी आहे का, पोचणार किती वाजता. उकडीचे मोदक, कोंबडी-वडे, घावन या गोष्टी आधी सांगितल्याशिवाय मिळत नाहीत, मोदक तर नक्कीच नाही.

ताटात काय मागायचं? सुरमई-पापलेट सगळेच मागतात आणि पैसे त्याचेच जास्त जातात. मी म्हणेन त्या दिवशी ताजं काय आलंय ते विचारा आणि तेच घ्या. बांगडा ताजा असेल तर तिरफळ घातलेलं त्याचं कालवण सुरमईला मागे टाकतं. मांदेली कुरकुरीत तळलेली, सौंदाळा, मुडदुशी, तिसऱ्यांचं सुकं, ओले बोंबील, हे शहरात एवढं ताजं मिळत नाही. मोठा खेकडा किंवा पापलेट सांगायच्या आधी नगाचा भाव विचारा, ताटाच्या पैशात तो धरलेला नसतो आणि बिलावरून भांडणं इथेच होतात.

आधी तांदळाची भाकरी आणि सुकं, मग भात आणि कालवण, शेवटी सोलकढी. सोलकढी कोकमाच्या आगळाची (म्हणजे घट्ट रसाची) आणि ताज्या नारळाच्या दुधाची असेल तर रंग फिका गुलाबी असतो, थोडा वेळ ठेवली की दूध आणि पाणी वेगळं व्हायला लागतं. एकसारखी भडक गुलाबी आली तर समजा पाकिटातली आहे.

शाकाहारी मित्राची काळजी करू नका, उलट तो जास्त खुश होतो. मार्चमध्ये ओल्या काजूगराची उसळ, कुळथाचं पिठलं आणि गरम भात, फणसाची भाजी, केळफूल, नाश्त्याला आंबोळी किंवा घावन आणि नारळाचा गोड रस, मे महिन्यात फणसाची सांदणं. मासे खाणाऱ्यांनीही एक जेवण असं घ्याच. शिवाय काही घरांत सोमवार, गुरुवार किंवा संकष्टीला मासे शिजत नाहीत, शनिवारीही काही ठिकाणी नाही, तेही फोनवर विचारून ठेवा.

८. हर्णैचा लिलाव

संध्याकाळी चारच्या पुढे हर्णै बंदरावर जा. बोटी येतात, मासळी किनाऱ्यावर उतरते आणि वाळूवरच लिलाव लागतो. लिलाव व्यापाऱ्यांचा असतो, टोपलीच्या टोपली जाते, त्यात मधे उभं राहून फोटो काढत त्यांची वाट अडवू नका. तुम्हाला घ्यायचं ते बाजूला बसलेल्या कोळणींकडून, तिथे वाट्यावर मिळतं. तीन-चार जणींचे वाटे बघून मग भाव करा, आणि भाव करताना मावशी म्हणून नीट बोला, त्यांचं सगळं कष्टाचं काम आहे.

ताजा मासा ओळखायचा तो असा: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला उघडला की लाल, बोटाने दाबलं की खड्डा राहत नाही, वास समुद्राचा येतो, घाण नाही. खेकडा जिवंत आणि हाताला जड हवा. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. साफ करून देणाऱ्या बायका तिथेच बसतात, थोडे पैसे घेतात, साफ करूनच न्या म्हणजे काकूंचा वेळ वाचतो. आणि मासे सहापर्यंत घरी पोचले पाहिजेत, आठला नेऊन नऊला जेवण मागू नका.

जुन्या चपला घाला, जमीन ओली आणि खवल्यांनी भरलेली असते.

९. रविवारची सकाळ

डॉल्फिन बघायच्या बोटी कर्दे-मुरुडहून पहाटे सुटतात, तेव्हा समुद्र शांत असतो. लाईफ जॅकेट प्रत्येकाला मिळाल्याशिवाय बोटीत बसायचं नाही. डॉल्फिन दिसतीलच असं कोणी सांगू शकत नाही, हे पैसे देतानाच मनाशी धरा. इतिहासाची आवड असेल तर हर्णैहून सुवर्णदुर्गाला बोट करा, २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. उतरताना गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवा, पाणी आणि टोपी बरोबर घ्या, गडावर दुकान नाही. बोटवाल्याशी परतीची वेळ ठरवल्याशिवाय उतरू नका.

बोट नको असेल तर आसूदचं केशवराज मंदिर. नारळ-सुपारीच्या बागांतून खाली उतरायचं, नदीवरचा छोटा पूल, मग पायऱ्या चढायच्या. वर गोमुखातून झऱ्याचं गार पाणी पडत असतं. मला या सगळ्या पट्ट्यात हीच जागा सगळ्यात आवडते. बागा खासगी आहेत, सुपाऱ्या-जायफळं उचलू नका. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती वाटेवरून समुद्र बघत बघत होतो. सगळं एका सकाळी कोंबू नका, यातलं एक किंवा दोन. जेवण बाराला सांगा आणि दोनच्या आत निघा.

१०. बरोबर काय घ्यायचं

- प्रत्येकाचं ओळखपत्र, मूळ प्रत, सगळ्यांचं, फक्त एकाचं नाही
- गाडीची कागदपत्रं: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी
- रोख, त्यात सुट्टे भरपूर
- टॉर्च, वाडीत रात्री दिवे नसतात आणि साप असतात
- उलटीची, पोटाची आणि ॲलर्जीची गोळी
- जुन्या चपला, टॉवेल, ओले कपडे ठेवायला पिशवी
- कचऱ्यासाठी मोठी पिशवी, बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं परत घेऊन या
- थर्माकोलचा डबा, मासे घरी न्यायचे असतील तर

११. घरी काय आणायचं

आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसाचे गरे, हे राहता त्या घरातूनच घ्या, पैसे थेट त्यांच्याकडे जातात. हापूस पेटीवरचं नाव बघून घेऊ नका, बागेतून घ्या, अढीतला, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेला आंबा दाखवा म्हणा आणि वास घेऊन बघा. रत्नागिरीसकट कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तरी महामार्गावर कुठलाही आंबा त्या नावाने विकतात.

मासे न्यायचे तर रविवारी सकाळी कोणी ताजे देईल का ते काकूंना शनिवारीच विचारा. साफ करून, धुवून, पाणी निथळवून पिशवीत बांधा, डब्यात खाली बर्फ, मधे मासे, वर परत बर्फ. वितळलेलं पाणी माणगावला चहाला थांबाल तेव्हा काढून टाका आणि थोडा नवीन बर्फ भरा, रात्रीपर्यंत मासे छान राहतात. डबा डिकीत आडवा होणार नाही असा बसवा, नाहीतर ते पाणी सगळ्यांच्या बॅगांवर.